उर्कचं बंदर आणि एक फिरता मजकूर

किनाऱ्यावरच्या भरावाचा वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: 'डचांनी समुद्राला धरण घातलं, उर्क नावाचं बेट जमिनीला जोडलं. बंदर बंद पडलं, कोळी शेतकरी झाले, कुणाचंच नुकसान झालं नाही.' बेट जोडलं गेलं, तेवढं खरं.

बंदराचं म्हणाल तर लिहिणाऱ्याने नकाशासुद्धा उघडलेला नाही. नवी जमीन आली ती गावाच्या मागे, पूर्वेला. बंदरापुढे आजही आयसलमेरचं, म्हणजे धरणामुळे झालेल्या तळ्याचं, पाणी आहे.

'कोळी शेतकरी झाले' ही तर सरळ थाप. ही पाणी उपसून काढलेली नवी जमीन म्हणजे १९४२ मध्ये कोरडा झालेला नोर्डओस्टपोल्डर, सुमारे ४८,००० हेक्टरांचा. जमीन सरकारची आणि कुळं देशभरातून पारखून घेतलेली: शेतीचा अनुभव किती, गाठीला पैसा किती, घर कसं ठेवलंय हेही बघून. त्या चाळणीत जाळी विणणाऱ्याचा निभाव कसा लागणार? उर्कचे लोक बोटींवरच राहिले. धरणातल्या जलपाशांतून, म्हणजे बोटी ये-जा करायच्या दारांतून, ते उत्तर समुद्रात जाऊ लागले. तो समुद्र त्यांना धरणाच्या आधीपासून ठाऊक होता. पुढे मासळी हार्लिंगन, डेन हेल्डरसारख्या बंदरांत उतरवून ट्रकने उर्कच्या लिलावात आणायची पद्धत पडली. लेपासारख्या चपट्या माशांचा हा देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. ज्या रस्त्याने बेटपण गेलं, त्याच रस्त्याने मासळी गावात येते. हे कुठल्या सरकारी आराखड्यात नव्हतं, कोळ्यांनी स्वतः जमवलं.

आता नुकसान. ३२ किलोमीटरचं धरण २८ मे १९३२ला मिटलं आणि आतलं खारं पाणी गोडं होत गेलं. हेरिंग आणि अँचोव्ही संपले, वाम उरली. झळ बसणाऱ्या मच्छीमारांना मदत द्यायचा कायदा सरकारने १९२५ मध्येच केला होता. नुकसान नव्हतं तर तो कशाला? फोलेंडाम या दुसऱ्या कोळी गावाने पर्यटकांचा रस्ता धरला, पण असा रस्ता सगळ्यांनाच नाही सापडला. धरण निरर्थक होतं असं मात्र मी म्हणणार नाही. १९१६च्या पुरात त्याच पाण्यातल्या एकट्या मार्केन बेटावर १६ माणसं गेली होती.

अलीकडे उर्कच्या काही बोटी भंगारात निघाल्या, तेही या मजकुराचा पुरावा म्हणून पुढे केलं जातं. पण बोटी भंगारात निघण्यामागे ब्रेक्झिटने कापलेला कोटा, २०२१ पासूनची विजेचे झटके देऊन मासे पकडणाऱ्या जाळ्यांवरची बंदी आणि महागडं डिझेल आहे. १९३२चं धरण नाही.