गुण कापले, तेव्हा बरं वाटलं

शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तेच पेटलं: ‘अपंग’ म्हणायचं की ‘दिव्यांग’? इथे अमेरिकेत मी तेव्हा मुलीच्या चीअरलीडिंग स्पर्धेला बसलो होतो. तिच्या संघात निम्म्या मुलींना काही ना काही अपंगत्व आहे, निम्म्यांना नाही.

चीअरलीडिंग म्हटलं की आपल्याला २००८ चं आयपीएल आठवतं आणि तोकड्या कपड्यांवरून महाराष्ट्रात झालेला गदारोळ. इथे तो अडीच मिनिटांचा, घाम काढणारा खेळ आहे. २०२१ मध्ये त्याच्या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यताही मिळाली.

सराव बघत बसणं मला स्पर्धेपेक्षा आवडतं. व्हीलचेअरवरची मुलगी ‘बेस’, म्हणजे खालचा आधार असते: ब्रेक लावायचे, एकीने मागून खुर्ची धरायची, मग दुसरी तिच्या मांड्यांवर उभी राहते. एकीला ऐकू येत नाही, तिच्यासाठी कोच समोरून बोटांवर तालाचे एक ते आठ आकडे मोजते. डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून कोलांट्यांआधी डॉक्टरांची तपासणी. यात ‘दिव्य’ काही नाही. ब्रेक, मोजणी, मान.

शब्दाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पण जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांनी पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकलं १९७२ मध्ये, पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या सेहेचाळीस वर्षांत आपण शब्द मात्र भराभर बदलले. ग्रुपवरच्या ज्या मित्राला पोलिओ झाला होता, त्याने त्या वादात एकच ओळ टाकली: “काहीही म्हणा रे, आधी मैदानावर रॅम्प बांधा.” त्यावर चार अंगठे आले आणि वाद पुढे सुरू.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. त्या दिवशी वरची मुलगी घसरली, खालच्यांनी झेलली, आणि परीक्षकांनी पडण्याचे गुण कापले. शेजारच्या बाई हळहळल्या, “या मुलींना तरी सोडायचं!” डोळे पुसून टाळ्या वाजवणारे इथेही ढिगाने आहेत. मला मात्र ते कापलेले गुण फार आवडले. दुसऱ्या कुठल्याही संघाचे कापले असते, तसेच यांचे कापले.

परतताना गाडीत मुली भांडत होत्या. ब्रेक नीट लागला नव्हता, असं एकीचं म्हणणं. व्हीलचेअरवाली तिच्यावर खेकसली, “ब्रेक लागला होता. तू पाचला चढायचं सोडून सहाला चढलीस.”