झाड इतक्यात आणू नका

काल आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर ख्रिसमसच्या झाडाचा फोटो आला. दिवे, चेंडू, शेंड्यावर तारा, सगळं लावून झालेलं. सजवलं होतं सुरेख. पण ऑक्टोबर अजून संपलेला नाही, माझ्या ओट्यावर चकलीची भाजणी दळून पडली आहे आणि दिवाळी यायची आहे. फोटोखाली कितीतरी जणींनी लिहिलं होतं, आम्हीही या शनिवारीच लावतोय. कुणाच्या आनंदात मिठाचा खडा नको म्हणून मी तिथे काही बोलले नाही. पण ही गोष्ट माझ्या मनाला लागते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

झाड इतक्यात आणू नका. आणि आणलंत की २६ डिसेंबरला बाहेर काढू नका.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. मी मूळची तासगावकडची, द्राक्षं आणि बेदाण्याच्या मुलखातली. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला तिचा महिना असतो. गुऱ्हाळ पेटलं की थंडी आली, बेदाण्याच्या शेडवर माणसं दिसली की उन्हाळा आला. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मला वाटायचं, या देशात ऋतू दुकानंच ठरवतात. सप्टेंबरात मिन्स पाय (सुक्या फळांचं गोड सारण भरलेला ख्रिसमसचा पदार्थ), नोव्हेंबरात झाडं, आणि २७ डिसेंबरला सगळं निम्म्या किमतीत. मग शेजारच्या आजींशी ओळख झाली. त्या यॉर्कशायरच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. खरं पंचांग मला त्यांच्याकडे पाहायला मिळालं.

त्यांचा शरद ऋतू सुरू होतो ब्रॅम्ली सफरचंदांपासून. हिरवं, ओबडधोबड, कच्चं खाल्लं तर दात आंबवणारं फळ. शिजवलं की त्याचा कापसासारखा मऊ गर होतो. हे फळ आमच्याच जिल्ह्यातलं. साउथवेल नावाच्या छोट्या गावात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बी लावलं, त्याचं हे झाड. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं आणि फळाला नाव त्याचं पडलं. मुलीचं नाव फळाला मिळालं नाही याची मला दर वर्षी हळहळ वाटते, म्हणून ब्रॅम्लीचा पहिला ॲपल पाय ओव्हनमध्ये गेला की मी मुलांना तिचं नाव सांगतेच.

शरदाची सजावट विकत घ्यायची नसते, हेही त्यांच्याकडूनच शिकले. हॉर्स चेस्टनटच्या झाडाच्या तकतकीत तपकिरी बिया, ज्यांना इथली पोरं कॉन्कर म्हणतात, त्या पितळेच्या परातीत घालून मी टेबलावर ठेवते. परात माझ्या आजीची आहे. जंगली गुलाबाची लाल फळं, दोन-चार पाइनचे कोन, रस्त्यावर पडलेली मेपलची पानं. महिनाभरात कॉन्करची चमक जाते, पानं चुरगळतात आणि सगळं बागेत परत जातं. दुकानातली प्लास्टिकची पानांची माळ दर वर्षी तशीच राहते, हेच तर तिचं दुःख आहे. आपण दसऱ्याला आपट्याची पानं आणि झेंडूचं तोरण लावणारी माणसं. दोन दिवसांत सुकणाऱ्या तोरणाची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते. डिसेंबरच्या मध्याला तर आमच्याकडे पावणेचारलाच सूर्य मावळतो. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांना चार वाजताच्या चहाचं महत्त्व पटणार नाही. बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी १८४० च्या सुमारास दुपारच्या चहाची पद्धत पाडली असं सांगतात. दुपारचं जेवण आणि उशिराचं रात्रीचं जेवण यांच्यामध्ये त्यांना भूक लागायची. मला मात्र त्या भुकेपेक्षा अंधारच जास्त समजतो. घरातून काम करताना खिडकी काळी होते, आणि तेव्हा उठून किटली ठेवणं, कपबशा मांडणं, एक दिवा लावणं, यात दिवेलागणीची सगळी शांतता आहे. आई तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायची, त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. तीच वेळ इथे दोन-तीन तास आधी येते, एवढंच.

५ नोव्हेंबरला, बॉनफायर नाइटला, म्हणजे शेकोट्या आणि फटाक्यांच्या रात्री, आजी पार्किन करतात. ओट, सुंठ आणि ब्लॅक ट्रीकलचा हा यॉर्कशायर-लँकेशायरकडचा केक. पहिल्यांदा ट्रीकलचा डबा उघडला तेव्हा मला गुऱ्हाळच आठवलं. काकवीची बहीण म्हणावी, फक्त जास्त काळी आणि कडवट. पार्किन भाजल्या दिवशी खायचा नसतो. डब्यात बंद करून चार-पाच दिवस ठेवला की तो हळूहळू ओलसर, चिकट होतो आणि मग खरा लागतो. आजींचा तो पत्र्याचा डबा आमच्याकडे येतो, आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही हे आपल्या रक्तात आहे, म्हणून तो चिरोटे आणि चकल्या घेऊन जातो. यंदा त्यांनी आधीच विचारलंय, त्या गोल काटेरी कधी येणार?

(चहाचं माझं मत ठाम आहे. चकलीबरोबर आलं घालून उकळलेला आपला चहा. पार्किनमध्ये सुंठ असतेच, त्याच्याबरोबर आलं नको, साधा आसाम किटलीत मुरवून, वरून थंड दूध. फ्रूटकेकलाही हाच.)

आकाशकंदील मी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत खिडकीत ठेवते, आईकडे ठेवायचे तसाच. समोरच्या घरातली मुलं त्याला आता ओळखतात. ज्यांनी ऑक्टोबरात झाड लावलं त्यांच्या घरी कंदील कुठे लागणार? झाडाच्या बाजूला, कोपऱ्यात. मला खरा त्रास याचा होतो. दोन्ही सण एकमेकांच्या अंगावर ढकलले की दोन्हींचा जीव घुसमटतो.

आणि कंदील उतरतो त्याच सुमारास केकचा दिवस येतो. ॲडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसची वाट पाहण्याचे आठवडे, सुरू होण्याआधीचा रविवार म्हणजे स्टर-अप संडे. त्या दिवशीची चर्चमधली जुनी प्रार्थना ‘स्टर अप’ या शब्दांनी सुरू होते. प्रभो, तुझ्या लोकांची मनं ढवळून जागी कर, असा तिचा आशय. ती ऐकून घरी आलेल्या बायका ख्रिसमसचं पुडिंग ढवळायला घेत. जुन्या रीतीप्रमाणे पुडिंगमध्ये तेरा जिन्नस, येशू आणि त्याच्या बारा शिष्यांसाठी. घरातल्या प्रत्येकाने पूर्वेकडून पश्चिमेकडे एकेकदा ढवळायचं, कारण बाळ येशूसाठी भेटी घेऊन आलेले ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले होते. ढवळताना मनात इच्छा धरायची. आमच्याकडे आम्ही सगळे ढवळतो, भारतातून आलेले आई-बाबा असतील तर तेही. बाबांनी तर टोपी घालून ढवळलं होतं.

मी पुडिंगऐवजी केक करते. बेदाणे, मनुका, करंट्स (बारीक काळ्या मनुका) आदल्या रात्री ब्रँडीत भिजवायचे. बेदाण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मूठभर हातात घेऊन दाबून पाहते, कडक लागला तर पिशवी बाजूला. साच्याला आतून आणि बाहेरून जाड कागदाचं दुहेरी अस्तर लावायचं, आणि १४० अंशांवर चार-साडेचार तास. जायफळ, लवंग आणि दालचिनीच्या वासाने जिना भरून जातो. लहानपणी आम्ही रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो, भट्टीतून नानकटाई निघेपर्यंत बाकावर बसून राहायचो, ती वाट पाहणं मला या चार तासांत परत मिळतं. मग केक कागदात गुंडाळून ठेवायचा आणि दर आठवड्याला त्याला चमचा-दोन चमचे ब्रँडी पाजायची. ब्रँडी नको असेल तर संत्र्याचा रस चालतो, पण मग केक टिकत नाही. तसा केक ख्रिसमसच्या जवळच करा. माझ्या पहिल्या वर्षी मी ब्रँडी घातलेला केकच २३ डिसेंबरला घाईत केला होता. कापताना त्याचा भुगा झाला, चवही वेगवेगळी लागत होती, मसाला एकीकडे, फळं एकीकडे. मुरायला वेळच दिला नव्हता. लोणच्याच्या देशातून आलेल्या बाईला हे आधी कळायला हवं होतं.

झाड आमच्याकडे डिसेंबरच्या मध्याला येतं. भावनेइतकंच यात व्यवहारही आहे. तोडलेलं झाड गरम खोलीत महिनाभर ठेवलं तर सणाच्या दिवशी ते वाळलेलं असतं. नॉर्डमन फरची पानं जरा जास्त दिवस धरतात, नॉर्वे स्प्रूसची भराभर गळतात. खोडाचा तळ ताजा कापून पाण्यात ठेवा, रेडिएटरपासून लांब. दारावर काटेरी पानांची हॉली आणि आयव्हीची वेल. आणि मिसलटो, म्हणजे आपलं बांडगूळ! दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण शिवीसारखा हा शब्द वापरतो, आणि इथे सफरचंदाच्या झाडावरून ते उतरवून उंबऱ्यावर टांगतात, टेनबरी वेल्स नावाच्या गावात त्याचे लिलाव होतात. पानं झडलेल्या सफरचंदाच्या फांदीवर हिरवागार एवढा एकच झुबका दिसला की लोकांना तो का आवडला हे समजतं. लहान मुलं असतील तर त्याची आणि हॉलीची फळं हाताला लागणार नाहीत एवढं बघा, विषारी असतात.

कुणी म्हणेल, हा आपला सणच नाही, मग एवढा विधिनिषेध कशाला? पण गोव्यात ख्रिसमसला घराघरांत नेवऱ्या होतात, म्हणजे आपल्या करंज्याच, आणि त्यांचं ताट शेजारी हिंदू घरी जातं. जिथे सण शेजाऱ्याबरोबर वाटला जातो तिथे तो त्याच्या वेळीच करावा लागतो. शेजारी ज्या दिवशी दार उघडतो, त्या दिवशी.

आणि तो एका दिवसात आटोपू नये. ख्रिसमसचे दिवस बारा, ५ जानेवारीच्या रात्रीपर्यंत. फळांचा हा केकही मुळात त्या बाराव्या रात्रीचा, व्हिक्टोरियाच्या काळात तो अलीकडे सरकून ख्रिसमसचा झाला. २६ तारखेला बाहेर फेकलेली झाडं पाहिली की मला दीड दिवसात मखर कचऱ्यात टाकल्यासारखं वाटतं. त्यानंतरचे दिवस तर सगळ्यात चांगले असतात. पाहुणे गेलेले, ऑफिस बंद, रस्ते शांत, आणि चहाला केक शिल्लक.

आमच्याकडे ५ जानेवारीला आजी चहाला येतात. शेवटचा केक यॉर्कशायरच्या रीतीने वेन्स्लीडेल चीजच्या तुकड्याबरोबर खायचा. गोड केक, किंचित आंबट खारट चीज, एकदा करून बघा. मग मुलं चेंडू एकेक करून कागदात गुंडाळतात. चेंडूंचं खोकं माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाड दाराबाहेर.

भाजणी राहिली आहे तशीच. तेल तापवते.