वर्षभराचे लेसन प्लॅन सुट्टीतच लिहून ठेवा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

दर उन्हाळ्यात सुट्टी लागली की शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदा तो मला चार जणांकडून आलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिक्षकांची सुट्टी म्हणजे आरामाचा नाही तर पगारी तयारीचा काळ असतो, ज्याला मुलांची खरी तळमळ आहे तो शिक्षक शाळा उघडायच्या आत वर्षभराचे सगळे लेसन प्लॅन लिहून ठेवतो, वर्ग सजवून ठेवतो, जमतील तितके ऑनलाइन कोर्स करतो, आणि मुलं सुट्टीत सगळं विसरून येतात म्हणून पहिला महिना पूर्ण उजळणीसाठी राखून ठेवतो. शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला नाही पटलं. मी गेली अठरा वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवतेय आणि सुट्टीत शाळेची तयारी करण्याच्या मी अजिबात विरोधात नाहीये, स्वतः दर वर्षी करते. पण हा मेसेज नेमका चुकीच्या कामांवर वेळ घालवायला लावतो, आणि ज्यांची नोकरीची पहिली-दुसरीच वर्षं आहेत त्यांना उगाच अपराधी वाटायला लावतो. माझी एक नवी सहकारी आहे, तिने मागच्या सुट्टीत हा मेसेज मनावर घेतला, रोज रात्री जागून शंभरेक लेसन प्लॅन लिहिले, सगळे फाईलला लावले, आणि तिसऱ्या आठवड्यात स्टाफरूममध्ये ती फाईल समोर ठेवून रडत होती, कारण वर्ग नवव्या प्लॅनवरच अडकला होता आणि पुढचं काहीच जुळत नव्हतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

'सुट्टी म्हणजे आराम नाही'. आधी हिशोब बघू. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०१३ साली अनेक देशांतल्या शिक्षकांची पाहणी केली होती, त्यात आठवड्याचं काम सरासरी ३८ तास निघालं आणि प्रत्यक्ष शिकवण्याचे तास त्यातले फक्त १९. उरलेला निम्मा वेळ तपासणी, तयारी, मीटिंग, पालक, कागदपत्रं यात जातो. आणि आराम हा फालतू लाड नाही, त्याचा कामाशी थेट संबंध आहे. याना क्यूनेल आणि साबिने झोननटाग या दोघींनी २०११ साली १३१ शिक्षकांवर केलेला अभ्यास आहे, सुट्टीआधी एकदा आणि सुट्टीनंतर तीनदा त्यांना प्रश्नावली भरायला दिली. सुट्टीमुळे थकवा कमी झाला, कामातला उत्साह वाढला, पण महिन्याभरात सगळं पूर्वीच्या पातळीला आलं. ज्यांच्यावर परतल्यावर कामाचा जास्त भार पडला त्यांचं आणखी लवकर आलं, आणि ज्यांना परतल्यानंतरही मोकळ्या वेळात निवांत होता आलं त्यांचा उत्साह जास्त टिकला. म्हणजे सुट्टीतली विश्रांती साठवून वर्षभर पुरवता येत नाही हे खरं, पण म्हणून ती घ्यायचीच नाही असं कुठे होतं? ती पूर्ण घ्यायची, आणि पहिला महिना आपल्याला थोडा हलका जाईल एवढीच तयारी करायची. मी तरी सुट्टीचे पहिले दोन आठवडे शाळेच्या पिशवीला हात लावत नाही.

आता मुख्य मुद्दा, 'वर्षभराचे लेसन प्लॅन आधीच लिहून ठेवा'.

ज्या मुलांना आपण अजून बघितलेलंच नाही त्यांच्यासाठी एकशे वीसाव्या दिवशी काय करायचं हे कसं काय ठरवणार? प्लॅनमधला निम्मा भाग आदल्या दिवशी वर्गात काय झालं यावर अवलंबून असतो, कोणाला कळलं, कोण गप्प बसला, कुठला प्रश्न वीस मिनिटं खाऊन गेला. वर्षाचा ढोबळ आराखडा हवा, कुठला धडा साधारण कधी आणि परीक्षा कधी, ते एका पानावर मावतं. त्यापुढचं रोजच्या तासाचं टाचण फक्त आठवडाभर आधी केलेलं बरं.

मग सुट्टीत करायचं काय? तर जे काम शाळा चालू असताना शांतपणे होऊच शकत नाही ते, म्हणजे गेल्या वर्षी मुलांनी कुठे आणि का चुका केल्या हे नीट बघणं आणि त्यातले चार-पाच धडे मुळापासून नव्याने बांधणं.

माझंच उदाहरण देते. दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत एक प्रश्न होता, ०.३५ आणि ०.५ यातली मोठी संख्या कोणती. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ०.३५ लिहिलं. एका मुलाला जवळ बोलावून विचारलं तर तो म्हणाला, 'बाई, पस्तीस पाचापेक्षा मोठे ना'. अगदी ठामपणे. मी तेव्हा घाईघाईत स्थानिक किंमत परत सांगितली आणि पुढे गेले, कारण पोर्शन उरला होता. सुट्टीत निवांत बसून त्या धड्यासाठी मी फळ्यावर दिलेली उदाहरणं वहीत काढून बघितली तेव्हा कळलं की घोळ माझ्याकडूनच झाला होता. ०.३ आणि ०.७, ०.२५ आणि ०.४१, ०.१२ आणि ०.०९, सगळीकडे दोन्ही संख्यांना दशांश चिन्हानंतर सारखेच अंक! अशा उदाहरणांत चिन्ह विसरून नुसत्या पूर्ण संख्या वाचल्या तरी उत्तर बरोबर येतं, म्हणजे त्या मुलाचा चुकीचा नियम माझ्या प्रत्येक उदाहरणात पास होत होता आणि मी वर त्याला शाबासकी देत होते. हे लक्षात आल्यावर मला खरंच वाईट वाटलं.

मग नवे प्रश्न काढायला बसले तर आणखी एक गोष्ट दिसली. नुसती ०.५ आणि ०.३५ अशीच उदाहरणं घेतली तर उलटी चूक झाकली जाते, कारण काही मुलं समजतात की जास्त अंक म्हणजे शतांश, सहस्रांश, म्हणजे लहान तुकडे, म्हणून लांब संख्या लहान, आणि त्यांचं उत्तर इथे चुकीच्या कारणाने बरोबर येतं. म्हणून ०.७५ आणि ०.५ पण हवं, जिथे लांब संख्याच मोठी आहे. ०.४ आणि ०.४० हवं, जिथे दोन्ही सारख्या आहेत. ०.३०७ आणि ०.३७ हवं. असे अकरा प्रश्न झाले, त्यांचा क्रम लावण्यात दोन दुपारी गेल्या. अकरा प्रश्नांसाठी दोन दुपारी म्हणजे वेळ फुकट घालवला असं कोणाला वाटेल, पण पुढच्या वर्षी तोच धडा शिकवताना कोण कुठल्या नियमाने चाललंय हे मला पहिल्याच तासाला कळलं. शाळेच्या दिवसांत हे काम मला कधीच जमलं नसतं.

आणि यासाठी एक गोष्ट सुट्टी लागायच्या आधी करावी लागते, ती तो मेसेज सांगतच नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की नव्याने पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. हे आपण कायम मुलांना लावतो, पण शिक्षकही विसरतातच की. वर्गातल्या चुका शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात आठवायला बसलं तर 'मुलांना दशांश अवघड जातात' एवढंच आठवतं, 'पस्तीस पाचापेक्षा मोठे' हे वाक्य आठवत नाही, आणि कामाचं तेच असतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात उत्तरपत्रिका चाळून चुका जशाच्या तशा वहीत उतरवायच्या, मुलाच्या शब्दांत. दोन-तीन पानं पुरतात. मग वही बंद करून खुशाल सुट्टीवर जा.

'वर्ग सजवून ठेवा' बद्दल फार नाही लिहीत. ऍना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांचा २०१४ चा अभ्यास आहे, बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे धडे दिले, तीन भरगच्च सजवलेल्या वर्गात आणि तीन जवळजवळ मोकळ्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि नंतरच्या चाचणीत बरोबर उत्तरं ४२ टक्के, मोकळ्या वर्गात ५५ टक्के. अभ्यास छोटा आहे, मुलंही अगदी लहान होती, त्यामुळे भिंती ओक्याबोक्या ठेवा असं मी म्हणणार नाही. पण स्वतःच्या पैशाने आणलेल्या कार्डशीटवर आठवडाभर कातरकाम करणाऱ्या शिक्षकाने हे माहीत करून घ्यायला हवं. समोरची भिंत मोकळी ठेवा, बाकीच्या भिंती वर्षभरात मुलांच्याच कामाने भरू देत.

'जमतील तितके कोर्स करा'. यातला 'जमतील तितके' हा भाग चुकीचा आहे. २००७ साली अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणावरच्या १३०० हून जास्त अभ्यासांची छाननी झाली होती, कडक निकषांत त्यातले फक्त ९ बसले, आणि त्या नऊमध्ये एकूण १४ तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षण असलेल्यांचा मुलांच्या शिकण्यावर ठोस परिणाम दिसला नाही, जास्त तासांच्या प्रशिक्षणाचा दिसला. म्हणजे दोन-दोन तासांची दहा सर्टिफिकेटं गोळा करण्यापेक्षा एकच विषय धरा, तोही आपल्या चुकांच्या वहीतून निघालेला, आणि जमलं तर सोबत एखादा सहकारी घ्या.

राहिला शेवटचा, 'मुलं सगळं विसरून येतात, पहिला महिना उजळणी'. हा मुद्दा पूर्ण खोटा नाहीये म्हणून जरा सावकाश. हॅरिस कूपर या अमेरिकन संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं होतं की उन्हाळी सुट्टीत मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाएवढी मागे जातात, आणि वाचनापेक्षा गणितात जास्त. पुढे पॉल वॉन हिपेल यांनी २०१९ मध्ये दाखवलं की जुन्या निष्कर्षांचा बराच भाग त्या काळच्या चाचण्या कशा बनवल्या होत्या आणि गुण कसे मोजले होते यावर अवलंबून होता, वेगळ्या चाचण्या घेतल्या की चित्र बदलतं. ते काही असलं तरी, 'सगळं' विसरतात असं कोणीच म्हणालेलं नाही. आणि माझा अनुभव असाय की आपण ज्याला विसरणं म्हणतो त्यातलं बरंचसं नीट शिकवलंच गेलेलं नसतं, गेल्या वर्षाच्या शेवटच्या पंधरा दिवसांत धावत उरकलेलं असतं. त्यासाठी आधीच्या इयत्तेच्या शिक्षकांना एक फोन करा, वीस मिनिटं बोला, काय घाईत झालं ते विचारा. सुट्टीतल्या कामांत सगळ्यात कमी वेळ घेणारं आणि सगळ्यात उपयोगी काम हेच असेल.

महिनाभर जुनंच चालू ठेवलं की ज्यांना येतं ती मुलं कंटाळतात आणि ज्यांना येत नाही त्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं की आपण मागे आहोत. त्यापेक्षा पहिल्या धड्याला जेवढं लागतं तेवढ्याचेच आठ-दहा प्रश्न घ्या, गुण न देता, आणि नवा धडा सुरू करा. उजळणी रोज थोडी. शिक्षण-संशोधक बराक रोझेनशाइन यांनी २०१० मध्ये परिणामकारक शिक्षकांबद्दल लिहिताना तासाच्या सुरुवातीला ५ ते ८ मिनिटांची उजळणी सांगितली होती, तेवढी वर्षभर चालवली तर ती एकदम महिनाभराच्या उजळणीपेक्षा जास्त टिकते. हे छोटे प्रश्नसंच मात्र सुट्टीत नक्की तयार करून ठेवावेत, पहिल्या पंधरा दिवसांचे तरी.

त्या सहकारीने यंदा फाईल नाही केली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिने मला तिची वही दाखवली, विज्ञानाच्या पेपरमधल्या चुका मुलांच्याच शब्दांत उतरवलेल्या, अडीच पानं. पहिलंच वाक्य होतं 'झाड माती खाऊन वाढतं'. शाळा उघडायच्या दहा दिवस आधी आम्ही दोघी त्या एका वाक्यावर बसणार आहोत, तोपर्यंत ती तिच्या गावी आणि मी माझ्या घरी.