बारा जणांना एकच पट्टी?

गाणं शिकण्यावरच्या लेखातलं बाकी पटलं, पण 'ग्रुप क्लास आणि एकट्याची शिकवणी यात फरक फक्त फीचा' हे काय पटलं नाही बुवा. मी कुडाळजवळचा, भजनात गातो. क्लासला आम्ही बारा जण, बायका-पुरुष-पोरं सगळी, आणि पट्टी (पेटीचा ज्या सुराला सा धरून गायचं तो) काळी चार, म्हणजे चौथी काळी! बायकांना ती बरोबर बसायची, आम्ही पुरुष मान वर करून ओरडायचो, आणि दरवर्षी गणपतीत तिसऱ्या दिवशी आरतीला माझा आवाज बसलेला.

मग कणकवलीला एका बाईंकडे एकटा जायला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी गाणं म्हणूनच दिलं नाही, नुसता सा लावायला सांगितला आणि समोर आरसा ठेवला, तर तार सा (वरचा सा) जवळ आला की माझी हनुवटी वर, खांदे कानाला आणि गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. पट्टी खाली काळी दोनवर आणली, श्वास पोटातून घ्यायला लावला, महिनाभर फक्त खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर. (घरचे म्हणायचे, म्हैस हंबरते काय रे.) बारा जणांत माझी हनुवटी कोण बघणार होतं? यंदा पाचही दिवस गायलो, विसर्जनाला सुद्धा.