हॉर्नला समीकरणात जागा नाही

पुढच्या गाडीपासून अंतर राखलं, या गुन्ह्यासाठी काल भर रस्त्यात झापून घेतलं. मागचा हॉर्न आधी तुटक वाजत होता, मग सलग वाजायला लागला, आणि रांग ठप्प झाल्यावर हॉर्नचे मालक जातीनं उतरून माझ्या काचेपाशी आले.

“काय हो, मघापासून पुढं ट्रक मावेल एवढी जागा सोडताय. प्लॉट पाडायचेत का तिथं?”

“अहो, वेग होता ताशी 36 किलोमीटर. म्हणजे सेकंदाला 10 मीटर. पुढच्या गाडीच्या दीड सेकंद मागं राहायचं, त्याचे 15, थांबल्यावरही उरायला हवेत ते 2. झाले 17.”

“म्हणजे मोजून सोडलीत?” आवाजात क्षणभर आदर डोकावला नि लगेच विझला. “तुमच्यासारखे जागा सोडतात म्हणून तर ट्रॅफिक जाम होतं!”

हे मात्र झोंबलं. 2008 साली जपानमधल्या सुगियामा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. 230 मीटर परिघाचा गोल रस्ता, त्यावर 22 गाड्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, बंद पडलेला टेम्पो नाही. सगळ्यांनी ताशी 30 च्या आसपास एकसारखं चालवायचं, बस्स. गाडीमागे वाट्याला साडेदहा मीटर, त्यात गाडीची स्वतःची लांबीही आली. एकाचा वेग जरा पडला, मागच्यानं त्याहून जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्यानं आणखी. शेवटी कोणीतरी पार थांबलंच. ती कोंडी मग ताशी 20 च्या आसपास वेगानं उलट्या दिशेनं सरकत राहिली. पुढं अंतर असेल तर तो झटका तिथं जिरतो. नसेल तर व्याजासकट मागं जातो.

हे सगळं मी सांगितलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पण मी हॉर्न देत होतो ना!”

आता काय बोलणार? चालक वेग कधी वाढवतो, कधी पाडतो हे समीकरणात मांडणारं ट्रायबर, हेनेके आणि हेल्बिंग यांचं 2000 सालचं ‘इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेल’ घ्या. त्यातला चालक तीनच गोष्टी बघतो: स्वतःचा वेग, पुढचं अंतर आणि पुढच्या गाडीशी वेगाचा फरक. मागच्या गाडीसाठी त्यात एक पदसुद्धा नाही. गणिताच्या हिशेबानं हे गृहस्थ अस्तित्वातच नव्हते. प्रत्यक्षात ते फारच अस्तित्वात होते आणि काचेवर बोटानं टकटक करत होते. मी मधली सगळी जागा खाऊन टाकली असती, तर त्यांना मिळाला असता दीडेक सेकंद, तोही एकदाच. नुसतं दार उघडून उतरण्यातच त्यांनी त्याहून जास्त घालवले.

एवढ्यात रांग हलली. आम्ही बोलतच होतो, तोवर शेजारच्या लेनमधून एक गाडी समोर घुसली.

“बघा! म्हटलं नव्हतं?” गृहस्थांना कोण आनंद! त्यांचाही नंबर एकानं मागं गेला होता, पण त्याचं दुःख दिसेना.

लेन बदलण्याच्या ‘मोबिल’ मॉडेलमध्ये (2007, केस्टिंग, ट्रायबर, हेल्बिंग) सौजन्याचा चक्क एक गुणक आहे. लेन बदलल्यानं इतरांना होणाऱ्या त्रासाला चालक किती किंमत देतो, ते त्यात मोजतात. शून्य म्हणजे निव्वळ स्वार्थी. ऋण किंमतही चालते: स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याला अडवण्यात सुख मानणारा. ती बसवायला मला लांब जावं लागलं नसतं.

चालत्या रांगेत कोणी घुसलं की खरी पंचाईत होते. 17 मीटरचे उरतात 6. इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेल हवं ते अंतर भागिले आहे ते अंतर, याचा वर्ग करतं: आठ. कमाल त्वरण, म्हणजे वेग वाढवण्याचा दर, 1 धरला तर आठातून तो एक वजा होतो, आणि सेकंदागणिक वेग 7 मीटर प्रति सेकंदानं पाडायचा. म्हणजे आणीबाणीचा ब्रेक, आणि मागं पुन्हा तीच लाट. इतका घाबरटपणा बरा नव्हे म्हणून 2010 मध्ये त्याच मंडळींनी मॉडेल सुधारलं आणि त्यात शांतपणाचा गुणक घातला. किंमत 0.99. कितीही जण घुसोत, समीकरणातला चालक शांतच. अंतर सोडतो, कोणीतरी घुसतं, तो मागं सरून पुन्हा अंतर सोडतो, पुन्हा कोणीतरी घुसतं. माझा गुणक दुसऱ्या गाडीलाच निम्म्यावर येतो, आणि मागून कोणी हॉर्न देत असेल तर पहिल्यालाच.