पीटी मास्तरला सहाशे कोटी? त्या फॉरवर्डचा पंचनामा

रात्री साडेदहाला काकांचा फोन आला की आधी छातीत धस्स होतं. ह्यूस्टनमधले साडेदहा म्हणजे साताऱ्यातले सकाळचे नऊ. ही काकांची पेपर आणि दुसऱ्या चहाची वेळ, फोनची नव्हे. 'सगळे बरे आहात ना?' विचारलं तर म्हणाले, 'आम्ही बरे आहोत. तुमची अमेरिका बरी आहे का, ते सांग.'

चुलत बहिणीला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालाय. कर्जासाठी घराचे कागद बँकेत जाऊन पडलेत. आणि नेमकं त्याच आठवड्यात काकांच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक फॉरवर्ड सोडलं. 'पीटी मास्तरला घरी बसवायला सहाशे कोटी, वसुली तुमच्या मुलांच्या फीमधून!' खाली पाच मुद्दे, लाल दिव्यांची रांग, आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'. पोहोचलं. पालकाने मुलीला सांगून टाकलं की पैसे भरायचे थांब.

काकांना दोष देत नाही. ज्या माणसाने पंचवीस व्हॉलीबॉल मंजूर करून घ्यायला जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवल्या, त्याला 'मास्तर' आणि 'सहाशे कोटी' एका ओळीत दिसले तर त्याचं डोकं फिरणारच. पण हे लिहिणाऱ्याचं काय? त्याने चार खऱ्या बातम्या घेतल्या, त्यांत आपल्या मनाची फोडणी घातली आणि दिलं सोडून.

त्याचं म्हणणं असं. एक, अमेरिकी विद्यापीठाने आपल्या फुटबॉल कोचला मुदतीआधी काढलं की त्याला द्यायचे पैसे विद्यार्थ्यांच्या, विशेषतः परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून जातात. दोन, काढलेल्या कोचला सगळी रक्कम एकरकमी मिळते आणि तो आयुष्यभर मजा मारतो. तीन, नवा कोच आला की संघ जिंकतोच, म्हणून विद्यापीठं हा जुगार मुद्दाम खेळतात. चार, खेळाडू मात्र गुलाम, कोच गेला तरी त्यांना हलता येत नाही. पाच, कोच बदलणं हे विद्यापीठ डबघाईला आल्याचं लक्षण, म्हणून हंगाम संपल्यावर, ऑफसीझनमध्ये गुपचूप उरकतात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे. अंड्यासारखा चेंडू हातात धरून पळायचा, तो. इथे कॉलेजांचे सामने लाखलाख लोक स्टेडियममध्ये बसून बघतात आणि मुख्य कोचचा पगार विद्यापीठाच्या अध्यक्षाच्या कितीतरी पट असतो. बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. हे विचित्र आहेच. इथे दहा वर्षं राहूनही मला ते पचलेलं नाही.

आता पहिला मुद्दा, कारण बहिणीचे पैसे त्याच्यावर अडलेत.

आकडा खरा आहे. टेक्सास ए अँड एमने १२ नोव्हेंबर २०२३ ला जिम्बो फिशर या कोचला काढलं आणि कराराप्रमाणे त्याला सुमारे ७.६ कोटी डॉलर देणं लागू झालं. त्या वेळच्या भावाने सहाशे कोटी रुपयांच्या वर. २०१७ मध्ये त्याला दहा वर्षांचा साडेसात कोटी डॉलरचा करार दिला होता. २०२१ मध्ये तो २०३१ पर्यंत वाढवला आणि आणखी फुगवला. काढलं तरी राहिलेला पगार द्यायचा, हे त्यात लिहूनच दिलेलं. आता असल्या करारावर सही करणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा, मी अडवणार नाही.

पण पैसे आले कुठून? हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. काढलं त्याच दिवशी विद्यापीठाने जाहीर सांगितलं होतं की या खर्चाचे स्रोत दोनच: क्रीडा विभागाचं स्वतःचं उत्पन्न आणि विद्यापीठाच्या खेळांसाठी देणग्या गोळा करणारं ट्वेल्फ्थ मॅन फाउंडेशन. पहिला मोठा हप्ता फाउंडेशनच्या देणग्यांतून, पुढचे हप्ते क्रीडा विभागाच्या उत्पन्नातून. फॉरवर्डवाल्याने ७.६ कोटींचा आकडा ज्या बातम्यांतून उचलला, त्याच बातम्यांत ही ओळ होती. ती त्याने सोयीस्करपणे गाळली.

हे फाउंडेशन म्हणजे काय, ते मला माझ्या ऑफिसमधल्या एका गृहस्थामुळे कळलं. साठीचा माणूस, बोटात त्या विद्यापीठाची जाडजूड सोन्याची अंगठी. इथले माजी विद्यार्थी ती मंगळसूत्रासारखी जपतात. २०२३ च्या त्या सोमवारी तो कॉफी मशीनपाशी उभा राहून फिशरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी विचारलं, 'मग आता देणगी बंद करणार?' तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पंढरीच्या वारकऱ्याला वारी बंद करणार का म्हणून विचारलं. कॉलेज स्टेशन गावातलं काइल फील्ड स्टेडियम एक लाखाहून अधिक लोकांचं. त्यातली चांगली जागा हवी असेल तर तिकीट वेगळं आणि फाउंडेशनला देणगी वेगळी. ती दरवर्षी द्यायची, नाहीतर वडिलांच्या वेळेपासूनची खुर्ची हातची जाते. वर टीव्हीचा पैसा. हे विद्यापीठ ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या लीगमध्ये खेळतं, तिने २०२३-२४ मध्ये आपल्या सदस्यांना प्रत्येकी पाच कोटी डॉलरच्या आसपास वाटले.

आपल्याकडे म्हणतात ना, आयजीच्या जिवावर बायजी उदार. बायजी इथे आहेच, आणि फार उदार आहे. पण आयजी म्हणजे माझी बहीण नव्हे, आयजी म्हणजे तो अंगठीवाला. त्याने स्वतःहून, शिव्या देत देत पाकीट उघडलंय. बहिणीला सामने बघायचे असतील तर विद्यार्थ्यांचा स्पोर्ट्स पास मिळतो. घ्यायचा तर घे, नाहीतर शनिवारी झोप काढ.

आता नाइलाजाने एक कबूल करतो, कारण उद्या कुणीतरी ते माझ्या तोंडावर फेकेलच. सगळी विद्यापीठं ए अँड एमसारखी नाहीत. ज्यांच्याकडे ना टीव्हीचा पैसा, ना तेलवाले माजी विद्यार्थी, अशा मध्यम आणि छोट्या ठिकाणी खेळांचा खर्च खरोखर विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या शुल्कातून निघतो. व्हर्जिनियातलं जेम्स मॅडिसन विद्यापीठ याचं नेहमीचं उदाहरण. तिथे हे शुल्क वर्षाला दोन हजार डॉलरच्या वर गेलेलं आहे. तेव्हा कुठेही प्रवेश घेताना फीच्या पावतीतली प्रत्येक ओळ वाचा. हा सल्ला फॉरवर्डने दिला असता तर मी हात जोडले असते. त्याने काय केलं, तर सहाशे कोटीवाल्या श्रीमंताचा आकडा घेतला आणि गरिबाच्या घरचं दुखणं त्याला चिकटवलं.

दुसरा मुद्दा झटकन. एकरकमी वगैरे काही नाही. फिशरला साठ दिवसांत १.९२ कोटी डॉलर आणि मग २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख. बहुतेक ठिकाणी तर अट असते की काढलेल्या कोचने दुसरी नोकरी शोधायची आणि तिथला पगार या रकमेतून वजा व्हायचा. पेन स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं तेव्हा पाच कोटी डॉलरच्या आसपासचा बोभाटा झाला. पाचेक आठवड्यांत त्याला व्हर्जिनिया टेकने घेतलं आणि मामला ९० लाखांवर मिटला. पाच कोटींचं फॉरवर्ड फिरलं, ९० लाखांचं कुणी फिरवलं नाही. उलट कोच स्वतःहून उठून गेला तर त्याच्या बाजूने भरपाई जाते. २०२४ मध्ये अलाबामाने केलन डीबोरला वॉशिंग्टन विद्यापीठातून उचललं, तेव्हा वॉशिंग्टनला सुमारे १.२ कोटी डॉलर मिळाले.

तिसऱ्या मुद्द्याला मात्र मला हसू आलं. नवा कोच आला की संघ जिंकतोच म्हणे! असं असतं तर त्या अंगठीवाल्याचा रक्तदाब नॉर्मल असता.

यावर बऱ्यापैकी गाजलेला अभ्यास आहे. ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या राज्यशास्त्राच्या तिघा अभ्यासकांनी १९९७ ते २०१० या काळातले कोच-बदल तपासले आणि सोशल सायन्स क्वार्टर्ली या नियतकालिकात निष्कर्ष छापले. युक्ती साधी होती: ज्यांनी कोच बदलला त्यांची तुलना तितक्याच वाईट खेळलेल्या पण कोच न बदललेल्या संघांशी केली. निघालं असं की अगदी तळाच्या संघांना कोच बदलून जवळजवळ काहीच फरक पडला नाही. दोन्हीकडचे सारखेच, जरा जरा सुधारले. आणि मधल्या, 'बरे' संघांचं कोच बदलल्यावर उलट बिघडलं.

नेब्रास्का विद्यापीठाचंच बघा. बो पेलिनीने तिथे सात हंगाम काढले, एकातही नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. पण लोकांना नऊ पुरेनात, त्यांना १९९० च्या दशकातल्या अजिंक्यपदांचे डोहाळे लागलेले. २०१४ च्या हंगामानंतर त्याला काढला. पुढच्या कोचचा तिसरा हंगाम चार विजय, आठ पराभव. मग गावचा लाडका स्कॉट फ्रॉस्ट आला, त्याच्या वाट्याला १६ विजय आणि ३१ पराभव. ऑबर्नची गोष्ट तर अगदी ताजी. २०२० मध्ये गस मालझानला दोन कोटींहून जास्त डॉलर देऊन घालवला. त्याच्या काळात एकाही हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नव्हते. त्यानंतर २०२१ पासून २०२५ पर्यंत पाचही हंगामांत पराभवच जास्त, आणि मधल्या काळात आणखी दोन कोच भरपाईसकट घरी. आगीतून फुफाट्यात म्हणावं तर आग तरी कुठे होती? सुखासुखी फुफाट्यात गेले.

इंडियानाचं नाव कुणीतरी घेणारच, म्हणून मीच घेतो. २०२३ मध्ये तीन विजय, नऊ पराभव. मग कर्ट सिग्नेटी आला आणि दुसऱ्याच हंगामात १६ पैकी १६ जिंकून जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद. चमत्कारच, मान्य. आणि वर सांगितलेला अभ्यास जुन्या काळचा, हेही मान्य. तेव्हा नव्या कोचला आपले खेळाडू सोबत आणून लगेच खेळवता येत नव्हते. सिग्नेटी जेम्स मॅडिसनमधून डझनभर खेळाडू घेऊनच आला. पण एक आंबा गोड निघाला म्हणून पेटीतला प्रत्येक गोड, असं म्हणणाऱ्याला आपण बाजारात पाठवत नाही. आणि हो, ए अँड एमलाही फिशरनंतरचा माइक एल्को लाभला. २०२५ मध्ये पहिले अकरा सामने सलग जिंकले. अंगठीवाला त्या दिवसांत सगळ्यांना डोनट आणायचा.

चौथा मुद्दा, गुलामगिरी. पाच-सहा वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर माझीही मान डोलली असती. तेव्हा विद्यापीठ बदललं की खेळाडूला वर्षभर बाकावर बसावं लागे, कोच मात्र रातोरात पळू शके. २०२१ पासून ते गेलं. आता मुख्य कोच बदलला की खेळाडूंना निघून जायला खास मुदत मिळते, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलर. अलाबामाचा कोच निक सेबन निवृत्त झाल्यावर तिथला खेळाडू केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला, आयझेया बाँड टेक्सासला. कुणाचीही परवानगी मागावी लागली नाही.

पाचवा. गुपचूप? फिशरला काढलं ते भर हंगामात, आदल्या दिवशी ५१-१० ने जिंकल्यावर! लुइझियाना स्टेटने ब्रायन केलीला ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं, तेही आदल्या दिवशी आमच्या ए अँड एमकडून घरच्या मैदानावर ४९-२५ ने मार खाल्ल्यावर, आणि राज्याचा गव्हर्नर कॅमेऱ्यासमोर उभा राहून त्याच्या पाचेक कोटी डॉलरच्या भरपाईवर तोंडसुख घेत होता. याला गुपचूप म्हणत असतील तर आमच्या गावची वरात म्हणजे मौनव्रत. घाईचं कारण वेगळंच: कुठल्या विद्यापीठात खेळायचं याच्या शाळकरी खेळाडूंच्या सह्या आता डिसेंबरच्या सुरुवातीलाच होतात, तोवर नवा कोच घरोघर पोहोचायला हवा.

आणि डबघाई? १० जानेवारी २०२४ ला सेबन निवृत्त झाला. अलाबामाने वॉशिंग्टनचा कोच नेला, वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा, आणि सॅन होजेने एक जुना अनुभवी कोच शोधला. दोन आठवड्यांत चार विद्यापीठांचे कोच बदलले. चारही ठिकाणी वर्ग नेहमीसारखेच भरले. त्याच महिन्यात मिशिगनचा कोच तर अजिंक्यपद जिंकून दोनेक आठवड्यांत गेला. पदवीचा याच्याशी संबंध काय, हे फॉरवर्डमध्येही लिहिलेलं नाही, नुसता लाल दिवा लावलाय.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. त्यांनी ऐकून घेतलं. अध्येमध्ये 'हं' म्हणत होते, पोरगं पाठ केलेलं म्हणतंय की समजून म्हणतंय हे तपासताना म्हणायचे तसं. मग विचारलं, 'तो काढलेला मनुष्य हल्ली काय करतो?'

'टीव्हीवर. फुटबॉलवर बोलतो.'

'त्याचे पैसे मिळतात?'

'मिळतात.'

'मग ते विद्यापीठाच्या हप्त्यातून वजा?'

'त्याच्या करारात ती अट नव्हती, काका.'

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग फोन तोंडापासून लांब धरून बहिणीला हाक मारली, 'अगं, भर ते पैसे. आणि तिकडे करारबिरार लिहायला शिकवत असतील तर तोही विषय घे.'