लाईन गेल्यावर वॉर्मर कशावर चालणार? ‘सोलरच्या उधळपट्टी’वाल्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि वॉर्डांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा : सरकारी दवाखाने, फायर स्टेशन, कंट्रोल रूम यांच्यावर अनुदानातून सोलर आणि बॅटऱ्या बसवणं ही जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं उशाशी असताना नागपुरात वीज जाते कुठे? गेलीच तर जनरेटर आहेत. लाईन गेली की सोलरही बंद पडतं. पावसाळ्यात ऊन नसतं. घरांच्या सबसिडीचा पैसा इकडे वळवलाय. आणि पाच वर्षांत सगळं भंगारात जाणार.

मी जिल्ह्यातल्या लहान दवाखान्यांच्या आणि आरोग्य केंद्रांच्या इलेक्ट्रिकल देखभालीची कामं करतो. हा मेसेज मला चार-पाच जणांनी ‘खरं आहे का?’ म्हणून पाठवला. त्यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. आधी तीच घेतो.

‘लाईन गेली की सोलरही बंद पडतं.’

बॅटरी नसलेलं, थेट लाईनला जोडलेलं (ऑनग्रिड) सोलर बंद पडतं, बरोबर. हा बिघाड नाही, तसं मुद्दाम केलेलं असतं. लाईन बंद आहे असं समजून लाईनमन खांबावर चढलेला असतो. अशा वेळी एखाद्या छपरावरची वीज तारेत उतरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिड गेली की तो इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. घरांवर बसवलेले बहुतेक संच याच प्रकारचे आहेत. शेजाऱ्याचं सोलर लाईन गेल्यावर बंद पडलेलं लोकांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे मेसेज पटतो.

आपत्कालीन ठिकाणी मात्र हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. लाईन गेली की हा इन्व्हर्टर इमारतीला ग्रिडपासून तोडतो आणि आतली ठरावीक सर्किटं पॅनल-बॅटरीवर घेतो. लाईनमनला धोका नाही आणि वॉर्डात दिवा मिचकावतो तेवढाच काय तो खंड पडतो.

‘ठरावीक सर्किटं’ हे शब्द नीट लक्षात घ्या. अख्खा दवाखाना बॅटरीवर चालवायचा नसतो. लहान आरोग्य केंद्राच्या लेबर रूमचा रात्रीचा हिशेब मांडतो. नवजात बाळाचा रेडियंट वॉर्मर साधारण ६०० वॅट, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३५०, सक्शन मशीन १५०, लसींचा आयएलआर फ्रीज १५०, दिवे-पंखे मिळून ३००. सगळं एकदम चालू असलं तरी दीड-पावणेदोन किलोवॅटच्या आत. चार तास लाईन नसली तर लागणार सहा-सात युनिट. दहा युनिटची लिथियम बॅटरी हे आरामात सांभाळते. एसी, गीझर, ऑफिसचे संगणक या सर्किटवर घ्यायचेच नाहीत. लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत आणि बाळ गरम राहिलं पाहिजे, एवढ्यासाठी हा खर्च आहे.

एका केंद्रात सिस्टरांनी मला विचारलं होतं, ‘भाऊ, लाईन केव्हा येईल ते सोडा, वॉर्मर किती वेळ चालेल ते सांगा.’ हिशेबाची सुरुवात याच प्रश्नापासून झाली पाहिजे.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की छपरावर किती किलोवॅट चढले एवढंच मोजणारं अनुदान या कामाला निरुपयोगी आहे. दवाखान्यावर पन्नास किलोवॅट पॅनल लावलं आणि बॅटरी शून्य, तर बिल कमी होईल, पण लाईन गेल्यावर लेबर रूममध्ये अंधारच. अशा कामाला बिलबचत म्हणा, आपत्कालीन सोय म्हणू नका. मेसेज लिहिणाऱ्याने इथे बोट ठेवलं असतं तर मीही तो पुढे पाठवला असता.

‘कोराडी उशाशी असताना वीज जाते कुठे?’

कोराडीची आणि खापरखेड्याची वीज थेट आपल्या घरात येत नाही. ती उच्चदाब वाहिन्यांवरून राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, तिथून उपकेंद्रात, मग ११ केव्हीच्या फीडरवर, मग आपल्या गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. नागपुरात लाईन जाते ती बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यांत. मे-जूनच्या वादळात तारेवर झाड पडतं, रात्री सगळ्यांचे कूलर-एसी एकदम सुरू झाले की डीपी तापते, खोदकामात केबल तुटते. वीजनिर्मिती कितीही असो, तुटलेल्या केबलमधून ती येत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, मोरभवन बसस्थानक पाण्यात गेलं. लोकांना बाहेर काढायला एसडीआरएफ, एनडीआरएफ आणि लष्कर उतरलं. अशा वेळी साचलेल्या पाण्यात करंट उतरू नये म्हणून लाईन मुद्दाम बंद ठेवावी लागते. म्हणजे ज्या तासांत बचावाचं काम चालू असतं, त्याच तासांत वीज नसणं हे सुरक्षेच्या नियमांनुसारच होतं. फायर स्टेशनचा वायरलेस, कंट्रोल रूमचे फोन, दवाखान्याची कॅज्युअल्टी यांनी तेव्हा काय करायचं?

‘मग जनरेटर आहेतच की.’

आहेत, आणि राहिलेच पाहिजेत. मेडिकल, मेयो, एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशन थिएटर, सीटी, एमआरआय यांचा भार सोलर-बॅटरीने पेलणार नाही. तिथे डिझेल लागणारच. जनरेटर काढून सोलर लावा असं जाणकार कुणीही म्हणत नाही. वाद आहे तो ‘एकच आधार पुरे’ या समजुतीशी.

जनरेटर दगा देतो तो कसा, हे जवळून पाहिलं तर ही समजूत टिकत नाही. इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. स्टार्टरची बॅटरी उतरलेली असते. सेल्फ मारला की नुसतं टक्-टक् वाजतं, पुढे काही नाही. सहा-सहा महिने जनरेटर सुरूच केलेला नसतो, टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ बसलेला असतो. ऑपरेटरची पोस्ट रिकामी असते, म्हणून भार जनरेटरवर घेणारा चेंजओव्हर स्विच टाकायला वॉर्डबॉय अंधारात धावतो. हे सगळं जमून आलं तरी डिझेल लागतंच. लहान जनरेटर एका लिटरमध्ये तीन-साडेतीन युनिट देतो. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर युनिट पंचवीस-तीस रुपयांना पडतं. तेवढा निधी नसला की ‘फार गरज असेल तरच लावा’ असा तोंडी आदेश निघतो. फार गरज आहे की नाही, हे रात्री दोन वाजता एकट्या सिस्टरने ठरवायचं.

आणि पूर. जनरेटर सहसा जमिनीवर किंवा तळघरात असतो. चेन्नईच्या डिसेंबर २०१५ च्या पुरात एका मोठ्या खासगी रुग्णालयात जनरेटरपर्यंत पाणी पोचलं आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण दगावल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हेच घडलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयाचे जनरेटर बंद पडले आणि नवजात बाळांसकट रुग्णांना जिन्यांवरून खाली उतरवावं लागलं. शेजारच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण इंधन चढवणारे पंप तळघरात बुडाले. शेवटी माणसांची रांग लावून डिझेल हातोहात वर पोचवलं. जनरेटर वर आणि इंधन खाली, एवढ्याशा चुकीने कोट्यवधींची व्यवस्था निकामी झाली.

सार्वजनिक पैशातून हा दुसरा आधार उभा करणं ही काही आपल्याकडचीच टूम नाही. फ्लोरिडात चक्रीवादळांत निवारा म्हणून वापरल्या जाणाऱ्या शंभराहून जास्त शाळांवर सरकारी निधीतून प्रत्येकी १० किलोवॅटचं सोलर बॅटरीसह बसवलं. आपल्या शेजारचं छत्तीसगड तर यात आपल्या पुढे आहे. तिथल्या क्रेडा या सरकारी संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांवर बॅटरीवालं सोलर बसवलं. २०१७ मध्ये सीईईडब्ल्यू या अभ्यास संस्थेने तिथल्या प्राथमिक केंद्रांच्या पाहणीचा अहवाल काढला. सोलर असलेल्या केंद्रांत, सोलर नसलेल्या आणि विजेची अडचण असलेल्या केंद्रांच्या तुलनेत, महिन्याच्या प्रसूती जवळपास दुप्पट आढळल्या. सगळं श्रेय सोलरचंच असं मी म्हणणार नाही. चांगली चालणारी केंद्रं आधी निवडली गेली असतील. पण रात्री उजेडाची खात्री असलेल्या केंद्रातच बाईला बाळंतपणाला नेतात, हे आपल्या गावांतही कुणीही सांगेल.

‘पावसाळ्यात ऊन नसतं.’ कमी असतं. नागपुरात एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, जुलै-ऑगस्टमधल्या ढगाळ दिवसांत ते निम्म्याच्या जवळ येतं. म्हणजे पाच किलोवॅटच्या संचातून दहाएक युनिट, वर मांडलेल्या लेबर रूमच्या चार तासांना पुरतील एवढे. शिवाय हायब्रीड संचाची बॅटरी लाईन असताना लाईनवरही चार्ज होऊन तयार राहते. मग पॅनल कशाला? लाईन दोन दिवस आली नाही तर बॅटरी परत भरायला.

उलट नागपूरसाठी खरा प्रश्न मे महिन्याचा आहे. पारा ४५ च्या पुढे गेला की छपरावरचं पॅनल सत्तर अंशांपर्यंत तापतं आणि त्याची वीज साधारण पंधरा टक्क्यांनी घटते. ही घट धरूनच संचाचा आकार ठरवला पाहिजे. पण ज्या दुपारी मनपाच्या उष्माघात आराखड्यानुसार दवाखान्यांत कोल्ड वॉर्ड उघडावे लागतात, त्याच दुपारी छपरावर ऊनही भरपूर असतं. २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळानंतर एका वृद्धांच्या शुश्रूषागृहाचं एसी बंद पडलं आणि उष्म्याने १२ वृद्धांचे जीव गेले. उन्हाळ्यात वीज जाणं नागपुरातही वैद्यकीय आपत्तीच आहे, हे आपण अजून पुरेसं मनावर घेतलेलं नाही.

‘घरांच्या सबसिडीचा पैसा वळवला’ हे सरळ खोटं आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात ते फक्त घरगुती ग्राहकांना. दवाखान्यांचा पैसा वेगळ्या शीर्षांखाली येतो : जिल्हा नियोजन समितीचा निधी, आरोग्य विभागाच्या योजना, कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी (सीएसआर). पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा आपत्तीचा धोका आधीच कमी करण्यासाठी वेगळा ठेवायला सांगितला, तोही लक्षात असू द्या. तुमच्या छपराचा एक रुपयाही यात कापला जात नाही.

राहिला भंगाराचा मुद्दा. पॅनलवर सहसा २५ वर्षांची वीजनिर्मितीची हमी असते आणि चांगली लिथियम बॅटरी नीट वापरली तर दहाएक वर्षं जाते. तरीही पाच वर्षांत बंद पडलेले सरकारी संच मी पाहिले आहेत, तेव्हा ही भीती निराधार नाही. त्यांची कारणं मात्र ठरलेली असतात. पॅनलवर बोटभर धूळ. बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवलेली, जिथे मे महिन्यात उभं राहवत नाही. बॅटरीच्या ठरावीक सर्किटवर कुणीतरी जोडलेला एसी. आणि देखभालीचा करार संपल्यावर कुणाचाच नसलेला फोन नंबर.

याच्या आधीचं एक काम तर बहुतेक प्रस्तावांत नसतंच : जुन्या वायरिंगची तपासणी. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर तरी अर्थिंग, एमसीबी आणि वायरचा गेज तपासल्याशिवाय कोणत्याही दवाखान्यात नवीन संच जोडला जाता कामा नये. तो खर्च अनुदानातच धरा.

सरकारी आरोग्य केंद्रांना सहसा रुग्ण कल्याण समिती असते. मेसेज पुढे पाठवण्याआधी तुमच्या केंद्राच्या समितीतल्या एखाद्या सदस्याला गाठा आणि विचारा : संचाला बॅटरी किती युनिटची, तिच्यावर कोणती सर्किटं, देखभालीचा करार कधीपर्यंत. आणि महिन्यातून एकदा, डॉक्टर आणि सिस्टरांना आधी सांगून, दिवसाउजेडी मेन स्विच पाडून अर्धा तास बघा की वॉर्मर आणि आयएलआर चालू राहतात का. निकाल तारखेसह रजिस्टरमध्ये लिहून खाली सही घ्या.